हद्द मोजली, उंची राहिली

आमची धाकटी लेक नेदरलँड्समध्ये राहते, डेल्फ्ट नावाच्या गावात. २०२४ च्या उन्हाळ्यात तिने आणि जावयांनी तिथे घर घेतलं. त्या खरेदीविषयी बरेच दिवस लिहायचं मनात होतं. नातेवाइकांना वाटतं, मुलीने परदेशात घर घेतलं म्हणून बाप कौतुक सांगत सुटलाय. कौतुक आहेच. पण लिहायला बसलो ते वेगळ्या कारणासाठी.

मी भूमी अभिलेख खात्यात ३४ वर्षं नोकरी केली. भूकरमापक म्हणून लागलो तेव्हा साखळी आणि फलक होता, निवृत्त झालो तेव्हा ईटीएस, म्हणजे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक मशीन होतं. करवीर, पन्हाळा, चंदगड, परत कोल्हापूर. किती भावांच्या बांधावर उभा राहिलो, किती गल्ल्यांत टेप धरली, मोजदाद नाही. आणि मी स्वतः घर घेतलं १९९२ साली, शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अलीकडे. प्रॉपर्टी कार्ड तपासलं, तीस वर्षांचा शोध अहवाल काढला, चतुःसीमा स्वतः मोजल्या. उत्तरेला अर्धा फूट कमी भरत होता, तो विक्रेत्याकडून लिहून घेतला. विसार देताना एकच प्रश्न विचारला, "पुराचं पाणी येतं का हो इकडं?" विक्रेते म्हणाले, "गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा येत नाही." मी मान्य केलं.

पाणी येत होतं. आधीच्या एका पुरात याच जोत्याला लागलं होतं, हे मला २००५ साली आमच्याकडे पाणी आलं तेव्हा शेजारच्या आजींनी सांगितलं. मोजणीदार माणूस, पण मी हद्द मोजली, उंची नाही मोजली. लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं यंत्र, लावून नदीकाठापासून जोत्यापर्यंत उंची काढणं हे माझ्यासाठी एका दुपारचं काम होतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. कोल्हापूरच्या माणसाला हे आकडे पाठ असतात. सुतारवाड्यात पाणी आलं, जयंती नाल्याला फूग आली, व्हीनस कॉर्नर बुडाला, असं करत करत पाणी आपल्या दाराकडे कसं सरकतं तेही पाठ असतं. आम्ही दोघं नेसत्या कपड्यांनिशी राजारामपुरीत मेहुण्यांकडे गेलो. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, दूध नाही, पेट्रोल नाही. लेक तिकडून दर तासाला फोन करायची आणि मी तिला बंधाऱ्याची पातळी सांगायचो. परत आलो तेव्हा भिंतीवर रेघ उठली होती. टेप लावली. जमिनीपासून ४ फूट २ इंच. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझी जुनी साखळी होती, तिच्या कड्या गंजून एकमेकींना धरून बसल्या होत्या. २०२१ ला पुन्हा तेच.

म्हणून लेकीने फोनवर "बाबा, आम्ही घर बघायला लागलोय" म्हटल्यावर माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "पाणी?"

ती म्हणाली, "बाबा, इथं तर सगळंच पाण्याखाली आहे."

तिथल्या जमिनीच्या उंचीचे नकाशे सगळ्यांना मोफत बघता येतात. विमानातून लेसरने मोजून अख्ख्या देशाची उंची नकाशावर आणलीय. कुठल्याही अंगणावर बोट ठेवा, आकडा येतो. डेल्फ्टच्या दक्षिणेला टांटहोफ नावाचा भाग आहे, तिथल्या घरांवर तिने स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह. आमचं शाहूपुरीतलं घर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आणि तीनदा पाणी लागलेलं. ती समुद्राच्या खालच्या पातळीवर घर घेणार होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी रोज संध्याकाळी जेवणानंतर तिच्याबरोबर ती सगळी प्रक्रिया समजून घ्यायला लागलो. उन्हाळ्यात आपलं घड्याळ त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं, त्यामुळे त्यांचं ऑफिस सुटतं तेव्हा आमची निजायची वेळ. सौ. म्हणायची, "अहो, तुम्ही पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखे दिसताय." खरंच तसं झालं होतं.

तिथे बहुतेक घरं फुंडा नावाच्या वेबसाइटवर विक्रीला लागतात. एजंटाला मकेलार म्हणतात. विकणाऱ्याचा मकेलार वेगळा, आपण घेणाऱ्यांनी आपला वेगळा नेमायचा. घर दाखवायला वीस मिनिटं मिळतात, बाहेर पुढचं जोडपं उभंच. मग ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेपर्यंत प्रत्येकाने आपली बोली पाठवायची, एकदाच. दुसऱ्याने किती लावली ते कळत नाही. मागणीपेक्षा वरची बोली लावणं हीच आता रीत झालीय. नंतर मकेलारला सगळ्या बोलींची नोंदवही उघड करावी लागते, एवढं बरं आहे. पण बोली लावताना माणूस अंधारातच असतो. लेकीच्या हातून सहा घरं गेली. एक तर केवळ दोन हजार युरोंनी. त्या दिवशी ती फोनवर काही बोललीच नाही, नुसती भांडी घासत होती. मी म्हटलं, "बाळा, आपल्याकडं पण विसार दिलेली घरं फिरतात." बोललो खरं, पण त्याने तिला काही आधार मिळाला असेल असं वाटत नाही.

सातवं घर टांटहोफमधलं. १९८१ चं बांधकाम, रांगेतलं, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांबरोबर सामाईक. आत राहायची जागा १०८ चौरस मीटर, प्लॉट १३५ चौरस मीटर, म्हणजे एक गुंठा आणि वर तिसरा हिस्सा. मागे छोटी बाग, बागेच्या टोकाला सायकली ठेवायची खोली, तिथून मागच्या बोळात उघडणारं दार. विकणाऱ्या आजी, नवरा वारलेला, घर बांधल्यापासून तिथेच राहिलेल्या. मागणी ४,२५,००० युरो. ह्यांनी ४,६२,००० लावली. आपले चार कोटींच्या वर. मी माझ्या सगळ्या पगारांची बेरीज केली तर तिथवर पोचत नाही.

पण मला सांगायचंय ते पैशाचं नाही. बोली लावायच्या आधीच त्यांच्या हातात एक फॉर्म आला होता. पानंच्या पानं. घर विकणाऱ्याने स्वतः भरून द्यायचा. छप्पर कधी गळलं का, भिंतीला ओल कुठे आहे, पाया खचल्याची चिन्हं आहेत का, शेजाऱ्याशी हद्दीवरून वाद झाला का, जमिनीखालच्या पोकळीत पाणी साचतं का. तिथे तळमजल्याच्या खाली माणूस रांगत जाईल एवढी मोकळी जागा ठेवतात, दारातल्या पायपुसण्याखाली तिचं झाकण असतं. लेकीने आजींचं उत्तर मला मराठी करून वाचून दाखवलं. त्यांनी लिहिलं होतं: बहुतेक वेळा कोरडी असते, पावसाळी हिवाळ्यात पाणी उभं राहतं, १९९८ मध्ये जास्त होतं, बाग दर काही वर्षांनी खचते, आम्ही तीनदा वाळू टाकून वर आणली.

मी तिला पुन्हा वाचायला लावलं.

तिथला कायदा असा की विकणाऱ्याने माहीत असलेला दोष सांगायचा आणि घेणाऱ्याने आपण होऊन तपास करायचा. दोघांवरही जबाबदारी. फॉर्म भरला म्हणून सगळेच खरं लिहीत असतील असं मी म्हणणार नाही, माणूस सगळीकडे माणूसच. पण प्रश्न छापील आहे, उत्तर सहीनिशी आहे. मी १९९२ साली विचारलेला प्रश्न विसार देता देता, चहाच्या कपावर विचारलेला होता.

त्यांची बोली लागली. लेक रडत फोनवर आली आणि सौ.ने अंबाबाईपुढे साखर ठेवली.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. करार लेखी व्हावाच लागतो, तोंडी कबूल केलेलं घर घर नव्हे. सही झालेल्या कराराची प्रत हातात आल्यावर घेणाऱ्याला तीन दिवस विचार बदलायची मुभा, कारण न देता. विकणाऱ्याला ती मुभा नाही. त्यानंतरही कर्ज मिळालं नाही किंवा तपासणीत मोठा दोष निघाला तर बाहेर पडता येईल, अशा अटी करारात घालून घ्याव्या लागतात. घाईच्या बाजारात लोक बोली वरचढ व्हावी म्हणून त्या अटी सोडून देतात. जावईबापूंचाही तसाच विचार होता. मी त्यांना एरवी कधी सल्ला देत नाही, ते माझ्याशी फार अदबीने वागतात आणि मीही अंतर ठेवतो. पण त्या वेळी म्हटलं, "जावईबापू, तपासणीची अट सोडू नका. हवं तर घर सोडा." त्यांनी ऐकलं.

तपासणीवाला आला, झाकण उघडून बॅटरी घेऊन खाली उतरला आणि लेकीने ते सगळं मला व्हिडिओवर दाखवलं. मी इथे खुर्चीच्या टोकावर. खाली काँक्रीटचे बीम, त्यांच्यावर तळमजल्याचा स्लॅब, ओली माती, भिंतीवर जुन्या पाण्याची फिकट रेघ. अगदी माझ्या भिंतीवर आहे तशी. पण घर त्या मातीवर उभंच नाही! तिकडचा पश्चिमेचा भाग म्हणजे पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची मऊ माती, आणि चिखल. त्याखाली बऱ्याच खोलवर वाळूचा टणक थर लागतो. घराखाली खांब ठोकतात ते त्या थरापर्यंत. पूर्वी लाकडाचे ठोकायचे. अॅमस्टरडॅमचा राजवाडा १३,६५९ लाकडी खांबांवर उभा आहे. लाकूड पाण्यात बुडालेलं असेपर्यंत शतकानुशतकं टिकतं, भूजल खाली गेलं आणि डोकी उघडी पडली की कुजतं. म्हणून जुन्या शहरांत घर घेताना पाण्याची पातळी वाढली का, यापेक्षा खाली गेली का, याची जास्त भीती. मला हे समजायला दोन दिवस लागले. लेकीचं घर काँक्रीटच्या खांबांवर आहे. म्हणून बाग खचते आणि घर जागेवर राहतं. आजींनी तीनदा वाळू टाकली ती त्यासाठीच.

सायकलच्या खोलीवर अॅस्बेस्टॉसचा पत्रा निघाला. तिकडे १९९३ नंतर त्यावर पूर्ण बंदी आहे, त्याआधीच्या घरांच्या करारात त्याचं कलमच असतं. तो काढायचा खर्च ह्यांच्याकडे आला.

घर घ्यायला कर्ज मूल्यांकनाच्या शंभर टक्क्यांपर्यंत मिळतं. मूल्यांकन ४,५५,००० आलं, म्हणजे वरचे ७,००० पदरचे, शिवाय नोटारिस, मकेलार, मूल्यांकन, कर हे सगळं खिशातून. घर हस्तांतराचा कर २ टक्के. पस्तिशीच्या आतल्यांना पहिल्या घरावर तो माफ आहे, २०२४ मध्ये किमतीची मर्यादा ५,१०,००० युरो होती. लेक तेहतीसची, जावई छत्तीसचे. निम्मं घर तिच्या नावावर म्हणून तेवढ्यावर माफी, त्यांच्या निम्म्यावर ४,६२० युरो. आपल्याकडे बाईच्या नावावर दस्त केला की मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, त्याची आठवण झाली.

नोटारिस म्हणजे आपल्याकडचा स्टँपवाला नोटरी नव्हे. कायद्याचा अभ्यास केलेला, राजाज्ञेने नेमलेला माणूस. पैसे त्याच्या खात्यात जमा होतात, तो बोजा तपासतो, दस्त वाचून दाखवतो, डच येत नसेल तर शपथ घेतलेला दुभाषी बसवतो, आणि सह्या झाल्यावर दस्त कादास्टरकडे नोंदवतो. कादास्टर! माझंच खातं. तिथली जमीन मोजणी १८३२ पासून अमलात आहे. आपल्याकडे इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेटची पाहणी १८३५-३६ च्या सुमाराला सुरू झाली, म्हणजे आम्ही एका वयाचे. सह्यांच्या दिवशी लेकीने कादास्टरचा उतारा पाठवला. नकाशात तिच्या प्लॉटचा आकडा, मागच्या बोळाची रेघ, शेजाऱ्याची भिंत. भाषा कळत नव्हती, पण नकाशा मला वाचता आला. छापून घेतला आणि टेबलाच्या काचेखाली ठेवला.

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही दोघं तिकडे गेलो. सौ.ने कांदा-लसूण चटणीच्या दोन बरण्या आणि वास्तुशांतीचा तांब्याचा कलश घेतला होता.

टांटहोफची शांतता कशी सांगू? गल्ल्या सरळ नाहीतच. वळतात, झाडाला वळसा घालतात, मध्येच छोटा चौक होतो. रस्ता आणि फूटपाथ यांत पायरी नाही, सगळं एका पातळीत विटांचं. या रचनेला वोनर्फ म्हणतात, राहण्याचं अंगण. ही कल्पना डेल्फ्टमध्येच उगवली आणि १९७६ मध्ये तिला कायद्यात जागा मिळाली. तिथे गाडी अगदी हळू चालवायची, रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांचा हक्क आधी. संध्याकाळी मी खिडकीत बसायचो. एक मुलगी खडूने रस्त्यावर घरं आखायची, एक गाडी यायची, थांबायची, ती पोर खडू गोळा करून बाजूला व्हायची, गाडी पुढे जायची. हॉर्न नाही. आमच्या लहानपणी शुक्रवार पेठेत आम्ही असंच रस्त्यावर विटी-दांडू खेळायचो, म्हैस आली की बाजूला व्हायचो. सौ.ला मात्र ती शांतता पहिले चार दिवस सोसली नाही. "कोणाच्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही," म्हणायची. पाचव्या दिवशी शेजारीण कुंपणावरून रबार्बची जुडी द्यायला आली. पुढच्या दोघींच्या गप्पा हातवाऱ्यांनी झाल्या, आणि चटणीची एक बरणी तिकडे गेली.

१ नंबरची ट्राम टांटहोफहून सुटते ती हेगमधून थेट स्खेव्हेनिंगेनच्या समुद्रापर्यंत. तिथे समुद्र बघायला चढून वर जावं लागतं. मी वर उभा राहिलो आणि मागे वळून बघितलं. लेकीचं घर त्या दिशेला, खाली. १९५३ च्या फेब्रुवारीत वादळात तिकडचे बांध फुटले आणि १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी समुद्राची तोंडं एकेक करून बंद करायचं ठरवलं आणि शेवटचा मोठा दरवाजा, मास्लांटकेरिंग, १९९७ मध्ये सुरू केला. दोन पाती, एकेक २१० मीटर लांब, पाणी चढलं की संगणकच ठरवून बंद करतो. आपल्या राधानगरीचे सात दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात. तिकडचे बंद होण्यासाठी, आपले उघडण्यासाठी. दोन्हींच्या पाठीमागे माणसं रात्रभर जागी असतात, हे मला माहीत आहे.

पाण्यासाठी तिथे वेगळं मंडळच आहे, वॉटरस्खाप. देशात २१ आहेत. त्यांचा कर वेगळा, त्यांची निवडणूक वेगळी. डेल्फ्टच्या मंडळाचं मूळ १२८९ सालापर्यंत जातं, तेव्हा आपल्याकडे देवगिरीला रामदेवराव यादव होता. त्यांची जुनी कचेरी कालव्याकाठी आहे, दर्शनी भिंतीवर रंगीत कुलचिन्हं. लेक आणि जावई तो कर दरवर्षी भरतात. मला तो कर बघून बरं वाटलं, कुणाला खरं वाटणार नाही.

आणि एका सकाळी जुन्या डेल्फ्टमध्ये चालताना एका भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, मला तो बोल्ट दिसला. ब्राँझचा, रुपयाएवढा. त्यावर कोरलं होतं एनएपी. अॅमस्टरडॅमची प्रमाण पातळी, जिथून देशभरातली उंची मोजतात. देशभर असे सुमारे ३५,००० बोल्ट भिंतींत, पुलांत बसवलेत, प्रत्येकाची उंची नोंदलेली. आमच्याकडे जीटीएस बेंचमार्कचे, म्हणजे उंचीच्या सरकारी खुणेचे दगड असतात, त्यातले कित्येक मी रस्त्याच्या कामात उखडलेले बघितलेत. हा मात्र येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर. मी खाली बसलो आणि त्याच्यावर बोट ठेवलं. जावईबापूंना वाटलं मला चक्कर आली.

परत आलो आणि आठवड्याभरात जुन्या सहकाऱ्याकडून ऑटो लेव्हल मागून आणलं. खात्रीच्या बेंचमार्कपासून आमच्या जोत्यापर्यंत उंची आणली, येताना एकदा, जाताना एकदा, फरक चार मिलिमीटर. गुजरीतल्या एका कारागिराकडून पितळी बोल्ट करून घेतला आणि जोत्यात बसवला. बंधाऱ्यावर किती फूट झाले की आमच्या पायरीला पाणी लागतं तो आकडा आता गल्लीतल्या पोरांनासुद्धा ठाऊक आहे.

आम्ही हे घर विकायला काढलंय. ऑगस्ट आला की सौ.ला झोप येत नाही. राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर छोटा फ्लॅट बघितलाय. एजंट म्हणाला, "काका, आधी रंग देऊन घ्या, ती रेघ झाकली पाहिजे." मी रंग दिला नाही. उलट लेकीकडून तो डच फॉर्म मागवून त्यातले प्रश्न मराठीत उतरवले आणि उत्तरं माझ्या हाताने लिहिली. पाणी: २००५, २०१९, २०२१. किती उंच, किती दिवस. उत्तरेला अर्धा फूट कमी. माडीवरच्या खिडकीतून वळिवात पाणी येतं. खाली सही.

पहिल्या दोन गिऱ्हाइकांनी वाचलं, चहा घेतला, "कळवतो" म्हणाले. कळवलं नाही. सौ. काही बोलली नाही, पण मला दिसतं तिला काळजी वाटते. परवा एक तरुण जोडपं आलं, दोघंही शिक्षक. त्यातल्या मुलीने कागद शेवटपर्यंत वाचला, मग भिंतीवरच्या रेघेपाशी जाऊन हात लावला आणि विचारलं, "काका, जोतं अजून चार फूट उचललं तर खर्च किती येईल?" त्यांच्या बजेटपेक्षा माझी किंमत जास्त आहे. ते रविवारी पुन्हा येणार आहेत, तिच्या वडिलांना घेऊन. ते गवंडीकाम करतात. मी लेव्हल परत केलेलं नाही.